११ महिन्यांचा करार आणि स्तोत्र ९०: देवात राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

खारफुटी (धागाकर्ता)

बायबलमधल्या स्तोत्र ९० ची पहिली ओळ: 'हे प्रभू, तू पिढ्यानपिढ्या आम्हांला निवासस्थान आहेस.' शीर्षकात ते मोशेचं म्हटलंय. म्हणजे ज्या लोकांनी ४० वर्षं तंबू उपटले आणि पुन्हा ठोकले, त्यांच्या तोंडची ही प्रार्थना. मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या माणसाला ती लगेच कळते. ११ महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलाली, मग पुन्हा टेम्पो. पुनर्विकासात चाळ गेली असेल तर संक्रमण शिबिर, आणि तिथून पुढे कधी ते कोणी सांगत नाही.

'देवाच्या आश्रयाला या' हे उपदेशात वारंवार ऐकायला मिळतं. पण आश्रयाला येणाऱ्यानं सकाळी काय करायचं, रात्री काय करायचं, आणि काहीच वाटत नसेल तेव्हा काय करायचं, हे फार थोडे जण सांगतात. १०×१२ च्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, अशा परिस्थितीत जमेल असं सांगा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळ्यांनी लिहा. सिद्धांतावरची चर्चाही चालेल, पण हातात धरता येईल असं काहीतरी द्या.

निळवी

स्तोत्र ६२:८ मध्येच उत्तर आहे. सर्व समयी त्याच्यावर भाव ठेवा, आपलं मन त्याच्यापुढे मोकळं करा, देव आमचा आश्रय आहे. मन मोकळं करणं हीच आश्रयाला येण्याची कृती. बाकी सगळं त्यानंतर.

दिवेलागण

कॅथलिक बाजूनं लिहिते. चर्चच्या दैनिक प्रार्थनाविधीत झोपण्याआधीची रात्रीची प्रार्थना असते. धर्मगुरू आणि सिस्टर ती रोज म्हणतात, पण ती प्रापंचिकांसाठीही आहे आणि १० ते १२ मिनिटांत होते.

क्रम असा. क्रुसाची खूण करून 'देवा, माझ्या साहाय्याला ये' म्हणायचं. मग दोन मिनिटं शांत राहून दिवस आठवायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची. मग एखादं गीत, त्या वाराचं स्तोत्र, शास्त्रातला लहानसा उतारा. त्यानंतर 'प्रभो, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो', जे स्तोत्र ३१ मधलं आहे आणि येशूनं क्रुसावर म्हटलं (लूक २३:४६). पुढे शिमोनाचं गीत (लूक २:२९-३२), शेवटची प्रार्थना, आशीर्वाद आणि मरियामातेचं गीत.

वारांची स्तोत्रं: शनिवारी ४ आणि १३४, रविवारी ९१, सोमवारी ८६, मंगळवारी १४३, बुधवारी ३१ चा पहिला भाग आणि १३०, गुरुवारी १६, शुक्रवारी ८८. एवढं सगळं जड वाटलं तर फक्त शनिवार-रविवारची तीन स्तोत्रं आळीपाळीनं घ्यावीत. तशी परवानगी विधीतच आहे.

एक सूचना. घरात जुनं कॅथलिक पुस्तक असेल तर त्यातला स्तोत्रांचा क्रमांक बऱ्याच ठिकाणी एकानं मागे असतो. आताचं ९१ तिथे ९० म्हणून सापडेल. घाबरू नका, पान चुकलेलं नाही.

लहान खोलीत बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे मोबाइलवर वाचणं. स्तोत्र संपायच्या आत वरून संदेश टपकतो आणि प्रार्थना तिथेच संपते. कागदावर मोठ्या अक्षरात छापून घ्या. दुसरं म्हणजे वेळ. 'सगळे झोपल्यावर करू' म्हटलं की आपणच आधी झोपतो. जेवणाची भांडी उचलली की लगेच, टीव्ही आवाजबंद करून, हे टिकतं. चाळीत असाल तर गॅलरीत उभं राहूनही होतं.

वचनवेल

दिवेलागणताई, क्रम सुंदर आहे. माझा आक्षेप एकच. छापील प्रार्थना रोज म्हटली की ओठ चालतात आणि मन दादर स्टेशनवर असतं. येशूनं मत्तय ६:७ मध्ये निरर्थक बडबडीविषयी सांगितलंय ते विसरू नये.

माझ्या मते स्तोत्र १४२ साचा म्हणून वापरावं आणि शब्द आपले घालावेत. शीर्षकाप्रमाणे दावीद गुहेत असतानाची ती प्रार्थना आहे. अवघी ७ वचनं. पहिल्यात तो मोठ्यानं हाक मारतो. दुसऱ्यात गाऱ्हाणं ओततो, काही राखून न ठेवता. तिसऱ्यात वाटेत पाश मांडलेत म्हणतो, म्हणजे नेमकं संकट कोणतं ते सांगतो. चौथ्यात उजवीकडे पाहा, मला ओळखणारं कोणी नाही, पळायला जागा नाही. आणि पाचव्यात 'तू माझा आश्रय आहेस'.

आश्रय हा शब्द पाचव्या वचनात येतो, पहिल्यात नाही. बहुतेक जण थेट पाचव्यावर उडी मारतात आणि मग म्हणतात की प्रार्थनेनंतरही छाती जडच. आधीची चार वचनं गाळली की असंच होणार. प्रत्येक वचनाला एक वाक्य आपलं जोडा: घरमालकानं भाडं वाढवलंय, नोकरी जाणार असं कानावर आलंय, आईचा रिपोर्ट यायचाय. सहाव्यात सुटका मागा, कारण संकट आपल्यापेक्षा बलवान आहे हे तिथे स्पष्ट म्हटलंय. सातव्याकडे नंतर येतो.

दिवेलागण

वचनवेलदादा, मन भरकटतं हे खरं, पण ते आपल्या शब्दांतही भरकटतं. आणि ज्या रात्री स्वतःचे शब्दच फुटत नाहीत त्या रात्री काय? शुक्रवारचं ८८ काढून पाहा. शेवटच्या वचनापर्यंत अंधारच आहे, आशेची ओळ जोडलेली नाही. तरी पहिल्या वचनात 'माझ्या तारणाऱ्या देवा' अशी हाक आहे. घरात मृत्यू झालाय, त्या माणसाला आपलं वाक्य सुचत नाही. शास्त्रानं त्याला वाक्य दिलंय.

वचनवेल

हे मान्य. दोन्ही ठेवू.

बोरीबंदर

+१ स्तोत्र १४२ ला. लोकलमध्ये उभ्यानं पाठ करायला बरोबर मापाचं आहे. आठवड्याला एक वचन घेतलं तर ७ आठवड्यांत पूर्ण. नवं वचन घेताना मागची सगळी आधी म्हणायची, नाहीतर चौथ्या आठवड्यात पहिलं विसरलेलं असतं.

शिंपल्यातला

स्तोत्र ९१ बद्दल कोणीतरी बोलायलाच हवं. दारावर त्याचं स्टिकर, गाडीत स्टिकर, उशीखाली घडी. साथीच्या काळात तर ते ताईत असल्यासारखं सगळीकडे फिरलं. हे ख्रिस्ती विश्वासात बसतं का?

खारफुटी

चांगला मुद्दा. मलाही हेच विचारायचं होतं.

वचनवेल

स्तोत्र ९१ चं सर्वांत कुप्रसिद्ध अवतरण सैतानाच्या तोंडी आहे. मत्तय ४:६ आणि लूक ४:१०-११. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं तो ९१:११-१२ दाखवून म्हणतो. येशू अनुवाद (बायबलमधलं मोशेच्या नियमशास्त्राचं पुस्तक) ६:१६ नं उत्तर देतो: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. म्हणजे वचन खरं असूनही त्याचा वापर खोटा असू शकतो. हमीपत्र म्हणून वापरलं की तो वापर सैतानाच्या बाजूचा.

आणि वचन १५ नीट वाचा. संकटात मी त्याच्याबरोबर राहीन, असं देव म्हणतो. संकट येणारच नाही असं तो म्हणत नाही. स्टिकर लावलेल्या घरात आजार आला की लोक स्वतःच्या विश्वासाला दोष देत बसतात, किंवा शेजारी देतात. चुकीच्या वापराची ही किंमत आहे, आणि ती फार क्रूर आहे.

गावठाणची_मावशी

दारावर वचन लावण्यात वाईट काही नाही बाळांनो. अनुवाद ६:९ मध्येच लिहिलंय की वचनं दाराच्या चौकटींवर लिहा. फक्त दोन वचनं आधी, ६:७ मध्ये, मुलाबाळांशी घरात बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना त्याविषयी बोलायला सांगितलंय. नुसती चौकट रंगवून भागत नाही. बाहेर पडताना चौकटीला हात लावून एक ओळ मोठ्यानं म्हणा, मुलांकडून म्हणवून घ्या. मग स्टिकर असो नसो.

आमच्या वांद्र्याच्या गावठाणांत, गिरगावात, गल्लीच्या तोंडाशी क्रूस दिसतात ना, त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभारलेले. त्या लोकांनी घर सोडून पळण्याऐवजी, किंवा पळून परत आल्यावर, गल्लीतच प्रार्थनेची जागा केली. अजून मे महिन्यात आणि ऑक्टोबरात तिथे माळेची प्रार्थना (रोझरी) होते. प्लेगात मेले त्यांच्याही घरच्यांनी त्या क्रुसापुढे दिवे लावले. हमी मिळाली म्हणून नव्हे.

बोरीबंदर

अवांतर: वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या जत्रेत मेणाची घरं मिळतात, ती वाहणं यात बसतं का? सप्टेंबरात पायऱ्यांच्या रस्त्यावर मेणाचे हात, पाय, बाळं आणि घरं मांडलेली असतात. घर मिळावं म्हणून सगळ्या धर्मांचे लोक ते घर वाहतात.

वचनवेल

मी वाहणार नाही. घर मागायचं तर पित्याकडे सरळ मागावं.

दिवेलागण

मेणाचं घर म्हणजे मागणी, सौदा नव्हे. ज्याला वाक्य जुळवता येत नाही तो हातातली वस्तू पुढे करतो. माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेनाही (नऊ आठवड्यांची प्रार्थना) तशीच, १९४८ पासून चालू आहे. नऊ बुधवार पूर्ण केले की घर मिळतंच असं कोणी समजत असेल तर ते चूक आहे, आणि तिथे ते स्पष्ट सांगायला हवं. पण नऊ आठवडे एका जागी, एका वेळी, गर्दीत उभं राहून मागत राहिल्यानं माणूस मागायला शिकतो, थांबायला शिकतो. येशूनं लूक ११ मध्ये मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या मित्राचा दाखला याचसाठी दिला.

गावठाणची_मावशी

दोघांनी भांडू नका, घर दोघांनाही हवंय. :)

तिसरा_मजला

मूळ प्रश्नाबद्दल एक मूलभूत शंका. आपलं खरं घर स्वर्गात आहे ना? इब्री १३:१४, इथे आपल्याला कायमचं नगर नाही. मग इथे 'देवात घर' वगैरे बोलणं म्हणजे भावनिक समाधान नाही का?

निळवी

योहान १४ पूर्ण वाचा. वचन २ मध्ये पित्याच्या घरात राहायच्या पुष्कळ जागा आहेत आणि येशू आपल्यासाठी जागा तयार करायला जातो. (हे वचन मुंबईकरांना सगळ्यात लवकर पाठ होतं, आणि त्यात गैर काही नाही.) त्याच अध्यायात वचन २३ मध्ये दिशा उलटी आहे. जो माझं वचन पाळतो त्याच्याकडे पिता आणि मी येऊ आणि त्याच्याजवळ वस्ती करू. पुढच्याच अध्यायात, १५:४, माझ्यामध्ये राहा आणि मी तुमच्यामध्ये राहीन. म्हणजे नंतरचं घर आणि आत्ताचं घर एकाच संध्याकाळच्या बोलण्यात, शेवटच्या भोजनाच्या वेळी सांगितलंय. दोन्हींपैकी एक निवडायला येशूनं सांगितलेलं नाही.

आणि हे सांगणारा कोण? मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला ठिकाण नाही असं स्वतःबद्दल म्हणणारा (मत्तय ८:२०). त्याच्याकडे बेघरपणा लपवायची गरज नाही. माझ्यासाठी तरी सगळ्या धाग्याचं मूळ हेच आहे.

तिसरा_मजला

१४:२३ या बाजूनं पाहिलं नव्हतं. धन्यवाद. पण 'माझं वचन पाळतो' ही अट आहे हे सोडून देऊ नका.

निळवी

अजिबात सोडत नाही. वस्ती आज्ञापालनातच आहे. त्याच संध्याकाळची आज्ञा कोणती? एकमेकांवर प्रीती करा (१३:३४). त्यामुळे एकट्यानं आश्रय घेऊन दार लावून बसता येत नाही.

पायवाट

इथेच शरणपुरांचा विषय येतो. गणना ३५ आणि यहोशवा २०. सहा नगरं होती: यार्देनेच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन आणि पूर्वेला बेसेर, रामोथ, गोलान. नकळत हातून मनुष्यवध झाला तर सूड घेणाऱ्यापासून पळून तिथे जायचं. इस्राएली असो की परका, दोघांनाही मुभा (गणना ३५:१५).

व्यवहार पाहा. अनुवाद १९:३ मध्ये तिकडे जाणारा रस्ता तयार ठेवायला सांगितलंय. यहोशवा २०:४ मध्ये पळून आलेल्यानं वेशीपाशी उभं राहून वडीलधाऱ्यांना आपली हकिगत सांगायची, आणि त्यांनी त्याला आत घेऊन राहायला जागा द्यायची. म्हणजे आश्रय देव देतो, पण रस्ता, वेस, ऐकणारे कान आणि खोली ही माणसांची जबाबदारी. आपल्या मंडळीकडे यातलं काय आहे? नवा माणूस उपासनेनंतर दाराशी घुटमळतो तेव्हा त्याची हकिगत कोण ऐकतं? पाळक तर हस्तांदोलनाच्या रांगेत अडकलेले असतात. दोन वडीलजनांनी फक्त हेच काम घ्यावं: दाराशी उभं राहणं, नाव विचारणं, नंबर घेणं, बुधवारच्या आत फोन करणं.

महाराष्ट्रात हे झालेलंही आहे. नाशिकचं शरणपूर १९व्या शतकात मिशननं वसवलं आणि गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये इथे मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, आणि पुढे दुष्काळात शेकडो मुलींना केडगावला आणलं. रूथ २:१२ मध्ये बवाज रूथला म्हणतो की तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस. पुढच्या अध्यायात रूथ त्यालाच म्हणते, तुमचं वस्त्र माझ्यावर पसरा. देवाच्या आश्रयाबद्दल चांगलं बोलणाऱ्याकडे ती येऊन उभी राहिली.

वचनवेल

पायवाट, हेच स्तोत्र १४२ चं सातवं वचन. नीतिमान लोक माझ्याभोवती जमतील. चौथ्यात ओळखणारं कोणी नव्हतं, सातव्यात माणसं आहेत. गुहेतली प्रार्थना मंडळीत संपते. म्हणून घरबसल्या फोनवर उपासना 'पाहणं' आजारपणापुरतं ठीक, सवय म्हणून नको.

समुपदेशक_कुर्ला

एक गोष्ट ठामपणे लिहितो, कारण या विषयावर नेहमी राहून जाते. 'देव आश्रय आहे, सहन कर' हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला सांगू नका. दावीद प्रार्थना करत होता आणि जिवावर उठलेल्या शौल राजापासून पळतही होता. खिडकीतून उतरून गेला (१ शमुवेल १९:१२). बाळ येशूलाही जीव वाचवायला मिसरात नेण्यात आलं. धोक्याच्या घरातून बाहेर पडणं हा अविश्वास नाही. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. मंडळीच्या सूचनाफलकावर हे आकडे लावा, आणि स्वच्छतागृहात आतल्या बाजूनंही लावा, कारण तिथे ती एकटी असते.

तसंच नैराश्य. झोप, भूक उडून दोन आठवडे झाले असतील तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी, १४४१६, मोफत, मराठीत बोलता येतं. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा येऊन खायला लावतो. देवाचा शांत, मंद आवाज त्यानंतर, होरेब डोंगरावर. थकलेल्या माणसाला रात्री साडेअकराला तासाभराची प्रार्थना सांगणारे हा क्रम उलटा करतात.

बोरीबंदर

हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवावा असा आहे. वाचनखूण साठवली.

खारफुटी

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता परत व्यवहारावर येतो: घर बदलतानाच्या आठवड्यात काय करावं? तेव्हाच सगळी घडी मोडते. नव्या जागेत घरमालक भिंतीला खिळाही मारू देत नाहीत, मुलं बावरलेली असतात, जुनी मंडळी लांब पडते.

दिवेलागण

बायबल, लहान क्रूस आणि छापलेली स्तोत्रं टेम्पोत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. नाहीतर ती १५व्या खोक्याच्या तळाशी सापडतात, महिन्यानं. खिळा नको तर क्रूस खिडकीच्या कट्ट्यावर किंवा फ्रिजवर उभा राहतो.

पहिल्या रात्री स्तोत्र ४, कारण त्याच्या शेवटी मी स्वस्थपणे पडून झोपी जाईन असं आहे. मुलांकडून ती एकच ओळ म्हणवून घ्या. दुसऱ्या सकाळी स्तोत्र १२१, जाण्यायेण्याचं रक्षण आहे म्हणून. घराच्या आशीर्वादासाठी नव्या धर्मग्रामाच्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात नाव द्या. फादर प्रत्येक खोलीत आशीर्वादित पाणी शिंपडतात. खोली एकच असली तरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आणि दाराशी वेगळं थांबायला सांगा.

वचनवेल

आमच्याकडे पाळक आणि शेजारचे चार विश्वासू येऊन प्रार्थना करतात. लूक १०:५ वाचा, या घराला शांती असो. पेटी-टाळ असेल तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन, पण रात्री ९ च्या आत, नव्या शेजाऱ्यांचा विचार करून. त्यांनाही चहाला बोलवा.

सगळ्यात जास्त चुकतं ते सभासदपत्राचं. जुन्या मंडळीतून निघण्याआधीच पत्र मागून घ्या. पत्र नाही म्हणून 'पुढच्या महिन्यात जाऊ' असं होतं आणि सहा महिने कुठल्याच मंडळीत नाव नसतं. पहिल्या रविवारी जवळची उपासना गाठा, आवडो न आवडो. निवड नंतर करता येते.

समुपदेशक_कुर्ला

मुलांसाठी: जुन्या घराबद्दल रडू द्या. स्तोत्र १३७ मध्ये मोठी माणसं नदीकाठी बसून रडली. पहिली सहा वचनंच वाचा, शेवटची तीन लहानांना नकोत.

गावठाणची_मावशी

आणि जुन्या घरातून निघताना रिकाम्या खोलीत उभं राहून आभार माना. स्तोत्र ९० चं शेवटचं वचन घ्या, आमच्या हातचं काम सिद्धीस ने. पुढे येणाऱ्या भाडेकरूसाठीही प्रार्थना करा, तो कोणत्याही धर्माचा असो.

पायवाट

मी स्तोत्रं ४, ९०, ९१, १२१, १४२ आणि शिमोनाचं गीत अशी एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर बसवतोय, १६ च्या टंकात, आजीआजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. स्तोत्र ९० थोडं लांब आहे, १७ वचनं, त्यामुळे दुसरा कागद लागू शकतो. स्तोत्र ८८ घालू का? जागा होईल, पण मंडळीत वाटताना काहींना ते निराश वाटेल.

दिवेलागण

घाला. ज्याला लागेल त्याला तेच लागेल.

वचनवेल

घाला. आणि खाली १८१, ११२, १४४१६ हे आकडेही छापा.